पलीकडची तार

मनगटाला सुतळी बांधून ऑर्विल झिमर तळघरात एका टेबलदिव्यासमोर बसला होता. सुतळी जिन्यावरून वर गेली होती, स्वयंपाकघरातून वळून दुसऱ्या जिन्याने थेट माडीवरच्या खोलीत. तिथे तिचं दुसरं टोक बर्नी पावलकच्या हातात होतं. ऑर्विलच्या बायकोने, लुएलाने, गळ्यातलं बटण दाबलं की बर्नीने सुतळीला हिसका द्यायचा आणि ऑर्विलने दिव्याकडे बघायचं, असं ठरलं होतं. तिघांपैकी कुणालाच ऐकू येत नव्हतं, त्यामुळे जिन्यावरून हाका मारायची सोय नव्हती.

हिसका बसला. दिवा तसाच.

पुन्हा बसला, या वेळी जरा रागानेच. दिवा ढिम्म. ऑर्विलने त्याची शेड सरळ केली, बल्ब पिळून घट्ट केला आणि पुन्हा हात मांडीवर ठेवून बसला. सुतळी आणखी काही वेळा ओढली गेली, मग सैल पडली. थोड्या वेळाने पायाखालची फरशी बारीक थरथरली, आणि जिन्यातून बर्नीचं पोट आणि मागोमाग बर्नी खाली आला.

"किती वेळा लागला?" धापा टाकत त्याने हातांनी विचारलं.

"एकदाही नाही."

"ती तर दाबून दाबून दमली. मी बघत होतो. अंगठा पांढरा पडला तिचा."

ऑर्विलने मनगटावरची सुतळी सोडली. तिचा लाल वळ उठला होता, तो त्याने दुसऱ्या हाताने चोळला.

बर्नी हा त्याचा शाळेपासूनचा मित्र. मुक्याबहिऱ्यांच्या त्या जुन्या शाळेत दोघे एका बाकावर होते. पुढे ऑर्विल वर्तमानपत्राच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागला आणि बर्नी फोटोच्या फिल्मच्या कारखान्यात. तिथे सगळं काम अंधारात, आणि अंधारात हात दिसत नाहीत. 'उभा जन्म मुक्यासारखा काढला, आता फेडून घेतोय,' असं म्हणत निवृत्तीनंतर तो भरपूर बोलल्याशिवाय कुणालाही सोडत नसे. विजेच्या कामाचा त्याला नाद होता. रॉचेस्टरमधल्या निम्म्या बहिऱ्या घरांत दाराची घंटा वाजली की दिवा उघडझाप करायचा, तो बर्नीने बसवलेला असायचा.

झिमरांच्या घरातली योजनाही त्याचीच. वसंतात लुएलाला झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. उजवा हात गेला म्हणजे तिची निम्मी भाषा गेली. तेव्हा बर्नीने तिच्या गळ्यात बटण अडकवलं. ते दाबलं की तिच्या खोलीतला एक छोटा डबा भिंतीतल्या विजेच्याच तारेवर बारीकसा संकेत सोडायचा. स्वयंपाकघरात एक आणि तळघरात एक असे आणखी दोन डबे होते. त्यांनी संकेत ओळखला की त्यांना जोडलेले दिवे उघडझाप करायचे. नवी तार ओढायला नको, भिंती फोडायला नकोत. ऑर्विल घरात कुठेही असला तरी त्याला कळायला हवं, एवढंच.

गेल्या आठवड्यात कळलं नव्हतं. लुएला पलंगावरून घसरली आणि दुपारभर जमिनीवर पडून राहिली. ऑर्विल वर गेला तेव्हा खिडकीबाहेर अंधारून आलं होतं. तिचा गाल फरशीला टेकलेला होता, अंगाखाली ओलं झालेलं होतं आणि डोळे उघडे होते. इस्पितळात मुलीने, डोरीनने, तिच्यावर वाकून विचारलं होतं, "आई, बटण दाबलं नाहीस का गं?" लुएलाने मान हलवली होती. दाबलं.

मग डोरीन बापाकडे वळली होती. तिला ऐकू यायचं, पण ती हातांनी बोलायला आधी शिकली होती आणि तोंडाने नंतर. रागावली की तिचे हात एकमेकांवर आपटायचे.

"तुम्ही कुठे होतात?"

"तळघरात. दिवा लागला नाही."

"दिवा लागला नाही म्हणून तुम्ही दुपारभर वर गेला नाहीत?"

दिवा बसवण्याआधी ऑर्विल तासातासाला वर जायचा. बसवल्यानंतर जाईनासा झाला होता, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

डोरीनने आईसाठी एक शुश्रूषागृह बघून ठेवलं होतं. स्वच्छ होतं, परिचारिका बऱ्या होत्या. हातांनी बोलणारं तिथे कुणी नव्हतं. ऑर्विल आणि लुएला मागे एकदा तिथे गेले होते, बहिऱ्यांच्या क्लबातल्या म्हाताऱ्या ॲग्नेस थोर्नला भेटायला. ॲग्नेस खुर्चीत बसली होती आणि तिचे हात मांडीवर होते, कुणीतरी तिथे ठेवून विसरून गेल्यासारखे. त्यांना बघितल्यावर तिने ते उचलले खरे, पण काही शब्द तिला आठवेनात. परतताना गाडीत लुएला एवढंच म्हणाली होती, "मला इथे कधी आणू नकोस." तेव्हा तिचे दोन्ही हात चालत होते.

"रविवारी येईन," डोरीनने शेवटी सांगितलं होतं. "दिवा दर वेळी लागतो असं मला दाखवा. एकदा जरी चुकला, तरी आईला मी नेणार."

म्हणून सुतळी.

बर्नीने भिंतीवरच्या विजेच्या पेटीचं झाकण उघडलं आणि चष्मा कपाळावर चढवून आत नाक खुपसलं. मग तळघरातला दिवा आणि त्याचा डबा उचलून तो स्वयंपाकघरात गेला, तिथल्या प्लगमध्ये खोचला. वर लुएलाला दाबायला सांगितलं. दिवा लगेच उघडझाप करू लागला. जेवणाच्या खोलीत नेला, तिथे लागला. तळघरात आणला, पुन्हा मेला.

"कळलं!" बर्नीने मांडीवर थाप मारली. "छापखानेवाल्या, इकडे बघ. तुला शाईपलीकडे काही कळत नाही, म्हणून सावकाश सांगतो. घरात वीज दोन तारांनी येते. अर्धं घर या तारेवर, अर्धं त्या तारेवर. लुएलाची खोली आणि स्वयंपाकघर इकडे. तुझं तळघर तिकडे. दोघींची गाठ कुठे? बाहेर, खांबावर. तिथपर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे तिचा संकेत वाटेतच दम तोडतो."

"पण उन्हाळ्यात तू बसवलास तेव्हा लागला होता."

"तेच तर!" बर्नीला आता आनंद झाला होता. "तेव्हा काय चालू होतं इथे? आठव."

ऑर्विलला आठवेना. बर्नीने तळघराच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे धुलाईचं यंत्र होतं आणि त्याच्या शेजारी कपडे वाळवायचा ड्रायर.

"दिवा एका तारेवर भागवतो. हा आडदांड दोन्ही तारांवर बसलेला असतो. हा तापायला लागला की दोन्ही बाजूंच्या मधे पूल तयार. हा बंद, की पूल तुटला. थांब, दाखवतोच."

त्याने रिकामा ड्रायर चालू केला, ऑर्विलच्या मनगटाला पुन्हा सुतळी बांधली आणि वर गेला. ऑर्विलने ड्रायरवर तळवा ठेवला. पत्रा हलके थरथरत होता, ऊब येत होती. हिसका बसला, आणि त्याच क्षणी दिवा लागला, विझला, लागला, विझला.

बर्नी उड्या मारतच खाली आला.

"सापडला की नाही चोर? तुझा दिवा कपडे वाळवतानाच जागा असतो! त्या दिवशी तू खाली बसला होतास, हा बंद होता, ती वर दाबत राहिली. तुझी चूक नाही रे बाबा. डोरीनला सांग, तारेची चूक."

ऑर्विल ड्रायरच्या गोल काचेकडे बघत होता. आत काहीच नव्हतं, नुसतं पिंप फिरत होतं.

त्या दिवशी आत चादरी होत्या. सकाळी लुएलाने पलंग ओला केला होता, शिवाय आठवड्याचं धुणं साठलेलं. जेवण झाल्यावर तो खाली आला होता तो ते सगळं घेऊनच. एक खेप वाळली की दुसरी आत टाकायची आणि मधल्या वेळात क्लबाच्या वार्षिक जेवणाची आमंत्रणं आपल्या छोट्या हातयंत्रावर छापायची. त्याला बरं वाटत होतं त्या दुपारी. शेवटच्या चादरी काढल्या तेव्हा त्या इतक्या गरम होत्या की त्याने त्या छातीशी धरल्या आणि तशाच घेऊन तो माडीवर गेला. दारात त्या त्याच्या हातून पडल्या.

"वर जा," तो बर्नीला म्हणाला. "पुन्हा दाबायला लाव."

"झालं की आता. लागला ना?"

"पुन्हा."

बर्नी कुरकुरत गेला. हिसका, दिवा. हिसका, दिवा. ऑर्विल बल्बकडे टक लावून बघत होता. एकदा तरी चुकू दे, असं त्याच्या मनात येत होतं. एकदाच. हिसका बसायचा आणि दिवा आज्ञाधारकपणे लागायचा. बर्नी खाली आला तेव्हा ऑर्विलने त्याला तिसऱ्यांदा वर पाठवलं, आणि चौथ्यांदा म्हटल्यावर बर्नी पायरीवर बसूनच राहिला.

"माझे गुडघे म्हातारे आहेत. काय हवंय तुला?"

"हा चालू असताना कधीच चुकत नाही?"

"मधे मधे त्याचं तापणं थांबतं. तेवढ्यात दाबलं तर हुकेल. मिनिट, दोन मिनिटं. पण माणूस एकदा दाबून गप्प बसतो का? पुन्हा दाबेलच ना."

"हो," ऑर्विल म्हणाला. "दाबेलच."

बर्नीने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. पण त्याच्या डोक्यात आता दुसरंच चाललं होतं. ड्रायरच्या प्लगमध्ये बसवायचा एक जोडणीचा डबा मिळतो, तो दोन्ही तारांमधला पूल कायमचा बांधून ठेवतो, ड्रायर चालो न चालो. तो आणायला बर्नी दुकानात गेला. गाडी सुरू करताना खिडकीतून त्याने दोन्ही अंगठे वर केले.

शनिवारपर्यंत सगळं बसलं. संध्याकाळी तरीही एकदा दिवा अडखळला. मग बर्नीने शोधून काढलं, की बैठकीच्या खोलीतला टीव्ही तारेवर इतका गोंगाट करतो की लुएलाचा बारीक संकेत त्यात बुडून जातो.

"ऐकणाऱ्यांची पार्टी असते ना, तसं," बर्नी म्हणाला. "सगळे एकदम तोंड हलवतात आणि कुणालाच काही कळत नाही." टीव्हीच्या आणि अक्षरं टंकून बोलायच्या फोनच्या प्लगपाशी त्याने गोंगाट अडवणारे डबे बसवले. मग मात्र घर गप्प झालं. कुठूनही दाबा, कधीही दाबा, दोन्ही दिवे लागायचे.

बर्नी गेल्यावर ऑर्विल वर गेला. लुएला उशांना टेकून बसली होती. त्याने तिचे केस विंचरले, टोमॅटोचं सूप भरवलं, ओठांची उजवी कड पुसली. वाडगा खाली ठेवला आणि तिच्या समोर, तिला नीट दिसेल असा बसला.

"त्या दिवशी ड्रायर चालू होता," तो म्हणाला.

काय सापडलंय ते सगळं बर्नीने तिला हात उडवून उडवून सांगितलेलं होतं. पूल, दोन बाजू, आडदांड. तिने ऑर्विलच्या हातांकडे बघितलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे.

"दुपारभर," ऑर्विल म्हणाला. "तू दाबलं असतंस, तर मला दिसलं असतं."

लुएलाने डोळे मिटले.

चाळीसेक वर्षांच्या संसारात त्यांची भांडणं झाली होती. एकमेकांकडे पाठ फिरवून झाली होती, हात झटकून झाले होते. पण डोळे मिटून घेतले की समोरच्याने काहीही सांगितलं तरी ते पोचत नाही, म्हणून दोघांनीही ते कधी केलं नव्हतं. ऑर्विल बसून राहिला. तिची पापणी मधेच हलत होती, म्हणजे ती झोपलेली नव्हती. सुपावर साय धरली. शेवटी त्याने वाडगा उचलला आणि तो खाली गेला.

रविवारी डोरीन आली ती चर्चमधून परस्पर. बरोबर भाजलेलं मांस आणि ॲपल पाय आणला होता. कोट न काढताच ती तळघरात जाऊन दिव्यासमोर उभी राहिली. ऑर्विल वर लुएलापाशी थांबला. त्याने खूण केली की लुएला दाबायची. तिचा डावा अंगठा बटणावर शांतपणे टेकायचा, उठायचा, टेकायचा. ती ऑर्विलकडे बघत नव्हती. खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत होतं, त्याकडे बघत होती.

डोरीनने स्वयंपाकघरातही करून पाहिलं. टीव्ही लावून पाहिला, दिवे सगळे लावून पाहिले, ओव्हन तापवून पाहिला. मग ती वर आली आणि दारातच उभी राहिली. तिचे डोळे लाल झाले होते.

"एकदाही चुकला नाही," ती म्हणाली.

"बर्नीनं केलं."

"बाबा, इस्पितळात मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. मला वाटलं तुम्ही त्या छपाईच्या नादात..." तिचे हात मधेच थांबले. "आई इतक्या वेळा दाबत राहिली असेल. आणि तुम्हाला कळायला काही मार्गच नव्हता. तारेचीच चूक होती."

"हो," ऑर्विल म्हणाला.

"आता खात्री आहे ना तुमची? पुन्हा असं होणार नाही?"

तिघेही एकमेकांना दिसत होते. लुएलाने खिडकीवरून नजर काढली होती आणि ती ऑर्विलच्या हातांकडे बघत होती. खोटं बोलायचं तर हातांनी बोलणं सोपं नसतं, सगळा चेहरा त्यात लागतो. एका शब्दाने डोरीनला खरं कळलं असतं. मग शुश्रूषागृहात लुएलाच्या खोलीत परिचारिका येत-जात राहिल्या असत्या, तिला कुणी जमिनीवर पडू दिलं नसतं. तिचे हात मांडीवर ठेवून दिले असते.

"खात्री आहे," ऑर्विल म्हणाला.

डोरीनने आईच्या कपाळाचं चुंबन घेतलं. लुएलाने डाव्या हाताने तिच्या कोटाचं बटण नीट लावून दिलं. जेवणं झाली, ॲपल पाय खाऊन झाला, आणि रस्त्यावर बर्फ साठायच्या आत डोरीन निघून गेली.

ऑर्विलने भांडी घासली आणि तो तळघरात गेला. आमंत्रणं अर्धीच छापून झाली होती. त्याने खिळ्यांची पेटी पुढे ओढली, एक ओळ जुळवायला घेतली, आणि जुळवता जुळवता त्याची नजर दिव्याकडे गेली. दिवा बंद होता. त्याने आणखी दोन शब्द जुळवले. दिवा बंदच होता.

आधी दिवा लागला नाही तर त्याला कारणं पुष्कळ होती. बाजू निराळी, तारेवर गोंगाट, ड्रायर बंद. बर्नीने चार दिवस खपून ती सगळी एकेक करून काढून टाकली होती. आता हा दिवा लागला नाही, तर तो कुणामुळे लागला नाही हे सरळ होतं, आणि ती वर होती.

ऑर्विलने ओळ अर्धवट सोडली. हात पुसले आणि जिने चढून तो वर गेला.

लुएला जागी होती. उशाचा दिवा चालू होता आणि तिचं तोंड दाराकडे होतं.

"मी बोलावलं नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

तो पलंगाच्या कडेला बसला. मग लुएलाचा डावा हात पांघरुणावरून वर आला. एका हाताने बोलताना तिचे शब्द अर्धे राहायचे. उरलेले तिच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागायचे, आणि तिचा चेहराही आता अर्धाच होता. पण ऑर्विलला ते जमायचं.

"अंगठा ठेवला होता," ती म्हणाली. "बटणावर. मग वाटलं, राहू दे."

ऑर्विलने मान हलवली.

"थंडी वाजत होती?"

"आधी. मग नाही."

त्याने पुन्हा मान हलवली. काहीतरी म्हणायला हवं होतं. त्याचे हात वर आले, हवेत थोडा वेळ थांबले आणि गुडघ्यांवर परत आले. ती त्यांच्याकडे बघत होती, काही येतं का याची वाट बघत.

"सरक जरा," तो शेवटी म्हणाला.

लुएलाच्या चेहऱ्याची डावी बाजू हलली. हसू होतं की दुसरं काही, ते त्याला लगेच कळलं नाही.

"कशी सरकू?" ती म्हणाली. "तूच सरकव."

ऑर्विलने वाकून बूट काढले.